चवदार तळे सार्वजनिक पैशाचे होते, निविदाही सार्वजनिक पैशाचीच आहे

दर वर्षी २० मार्चला महाडला निळा सागर लोटतो. वरंध, बिरवाडी, शिवथरच्या बाजूच्या वाड्यांतून आमची माणसे खाली उतरतात, तळ्याला वंदन करतात, ओंजळभर पाणी घेतात आणि संध्याकाळच्या एसटीने परत घाटाकडे जातात. परत आल्यावर घरी काय असते? एप्रिल उजाडला की टँकर. ज्या मुलखात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, जिथे वरंधसारख्या गावाला लघुपाटबंधाऱ्याचे धरण आहे, त्या महाड-पोलादपूरच्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. टँकरही फुकट येत नाही. त्याची निविदा निघते, दर ठरतो, फेऱ्यांची नोंद होते, देयक निघते. तळ्याच्या पाण्यासाठी लढलेल्या समाजाच्या किती माणसांनी ही निविदा कधी डोळ्यांनी पाहिली आहे?

हा प्रश्न आम्ही चळवळीतल्या कार्यकर्त्यांना विचारला की ते हसतात. निविदा, टेंडर, ठेका हे पुढाऱ्यांचे आणि ठेकेदारांचे विषय. आपला विषय संविधान, आरक्षण, अत्याचार. ही वाटणी कोणी केली? बाबासाहेबांनी तर नक्कीच केली नव्हती. महाडच्या लढ्याची कागदपत्रे नीट वाचली तर दिसते की त्या लढ्याची सुरुवातच मुळी सरकारी पैशाच्या एका वाक्यापासून झाली आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव आणला. अस्पृश्यांना पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, दवाखाने वापरू द्यावेत, हे त्याचे सार आपण सगळे सांगतो. पण कोणते पाणवठे आणि कोणत्या धर्मशाळा? सार्वजनिक पैशातून बांधलेल्या आणि सार्वजनिक पैशातून ज्यांची देखभाल होते अशा, किंवा सरकारने नेमलेल्या अगर कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातल्या. ठरावाचा सगळा कणा हा आहे. बोले यांनी धर्मशास्त्राचा आधार शोधला नाही, सवर्णांच्या दयेला हाक घातली नाही. पैसा सर्वांचा, म्हणून वस्तू सर्वांची, एवढाच साधा हिशेब त्यांनी मांडला.

आता पुढचे पाहा. सरकारने त्याच वर्षी आपल्या खात्यांना ठराव अमलात आणायला सांगितले. सुरबानाना टिपणीस यांच्या पुढाकाराने महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. तळे मात्र खुले झाले नाही. मग बोले यांनी ऑगस्ट १९२६ मध्ये दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि स्थानिक संस्था पहिल्या ठरावाप्रमाणे वागत नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे, अशी त्याची शिफारस होती. हा दुसरा ठराव आमच्या भाषणांत क्वचित येतो. आम्हाला तो पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. सरकारी पैसा ही केवळ खर्चाची बाब नसून समतेची अट घालण्याचे हत्यार आहे, हे १९२६ साली मुंबईच्या कौन्सिलात एका भंडारी समाजाच्या नेत्याने मांडले होते.

१९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारख्या तरुणांनी ती घडवून आणली. परिषदेला आलेल्या हजारो माणसांना प्यायला पाणी हवे होते. समोर तळे भरलेले होते, त्याच्या देखभालीला नगरपालिकेचा पैसा लागत होता आणि परिषदेला चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. आपलाच पैसा ज्यावर खर्च होतो ते पाणी आपल्याला बंद आणि तहान भागवायला पुन्हा खिशातून चाळीस रुपये. महाडच्या इतिहासातली ही नोंद आम्हाला फार बोलकी वाटते.

त्यानंतरचे सर्वांना ठाऊक आहे. बाबासाहेब तळ्यावर गेले, पाणी प्याले, परतीच्या वाटेवर आमच्या माणसांची डोकी फुटली, तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ करून घेतले गेले. पण एक गोष्ट कमी सांगितली जाते. ४ ऑगस्ट १९२७ ला महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. ठरावाने दिलेले ठरावाने काढून घेतले. चौथा दिवस की चारशेवा, फरक पडत नाही. ज्याच्या हातात ठराव करणे आहे त्याच्याच हातात तो मोडणेही असते.

डिसेंबरच्या सत्याग्रहाआधी विरोधकांनी दिवाणी दावा लावला. त्यांचे म्हणणे काय होते? तळे सार्वजनिक नाहीच, ते चौधरी तळे आहे, खासगी आहे. म्हणजे त्यांनाही कळले होते की भांडणाचे मूळ कुठे आहे. तळे सार्वजनिक मालकीचे ठरले की अडवणूक संपते, म्हणून त्याचे सार्वजनिकपणच नाकारायचे. सत्याग्रह परिषदेला महाडात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. स्थानिक व्यापाऱ्यांकडून शिधा मिळण्याची खात्री नव्हती, तोही आधीच जमवून ठेवावा लागला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. दावा मात्र दहा वर्षे चालला. बाबासाहेब स्वतः प्रतिवादी. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने विरोधकांचे अपील फेटाळले, तेव्हा कुठे कायद्याचा शिक्का बसला. १९२३ ते १९३७, चौदा वर्षे.

ही चौदा वर्षे आम्ही इतक्या तपशिलाने सांगत आहोत कारण आज सरकारी खरेदीच्या बाबतीत महाराष्ट्र अजून १९२४ मध्येच उभा आहे, असे आमचे मत आहे. ते मत मांडण्याआधी थोडे मागे जावे लागेल, कारण शासन आमच्याकडून काय ‘खरेदी’ करत होते हेही आपण विसरलो आहोत.

महार वतन म्हणजे काय होते? सरकारला गावोगाव निरोप्या हवा, खजिन्याबरोबर चालणारा हवा, साहेबाच्या फिरतीत वाट दाखवणारा, ओझे वाहणारा, गावात वर्दी देणारा हवा. हे श्रम शासन घेत होते, दिवसरात्र घेत होते आणि त्याचा मोबदला म्हणून इनामाचा तुकडा आणि गावाच्या मर्जीवरचे बलुते. रोख मजुरी नावापुरती किंवा नाहीच. वरंध घाटासारख्या वाटांनी देशावरून कोकणात उतरणाऱ्या अंमलदारांची ओझी कोणी वाहिली असतील, हे सांगायला इतिहासाची पदवी लागत नाही. शासनाने केलेली सर्वात जुनी, सर्वात स्वस्त आणि सर्वात अन्यायी खरेदी ती होती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक कौन्सिलात मांडले. कामे ठरवून द्या, मोबदला ठरवून द्या, नको असेल त्याला वतनातून सुटू द्या, असा त्याचा आशय होता. ते विधेयक पुढे गेले नाही. वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

दुसरा टप्पा दिल्लीचा. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खाते त्या वेळी मजूर खात्याकडे होते, हे आमच्या अनेक मित्रांना ठाऊक नसते. महायुद्ध चालू होते आणि विमानतळ, बराकी, गोदामे यांची ठेकेदारी जोरात होती. २९ ऑक्टोबर १९४२ ला त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यात नोकऱ्या आहेत, शिक्षण आहे, प्रतिनिधित्व आहे आणि त्याच बरोबरीने सरकारी ठेके आहेत. हजाराहून अधिक ठेकेदारांच्या यादीत अस्पृश्य समाजाचा माणूस किती? एक. ज्या समाजाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडत, माती वाहत, रस्ते घालत आली, त्या समाजाचे नाव मजुरांच्या हजेरीपटावर आणि ठेकेदारांच्या यादीवर एकच! सरकारी ठेक्यांवर राबणाऱ्या मजुराला रास्त वेतन मिळावे अशी अट ठेक्यातच असावी, हा विषयही त्यांच्या मजूरमंत्रिपदाच्या काळात कामगार परिषदांच्या पटावर आला.

याच सुमारास अमेरिकेत काय चालले होते ते लक्षात घेण्यासारखे आहे. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत काळ्या कामगारांना दार बंद होते. कामगारनेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी २५ जून १९४१ ला आदेश काढून संरक्षण उद्योगातल्या वंशभेदाला बंदी केली आणि सरकारी करारांत ती अट घालायला लावली. १९६५ मध्ये जॉन्सन यांनी सरकारी ठेकेदारांसाठी आणखी व्यापक आदेश काढला. हा आदेश साठ वर्षे टिकला आणि जानेवारी २०२५ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षाने एका सहीने रद्द केला. महाड नगरपालिकेचा १९२७ चा ऑगस्ट आठवतो ना? दक्षिण आफ्रिकेने वेगळे केले. वंशभेदी राजवट गेल्यावर १९९६ च्या संविधानातच कलम २१७ घालून सांगितले की सरकारी खरेदी न्याय्य, समन्यायी, पारदर्शक, स्पर्धात्मक आणि किफायतशीर असली पाहिजे आणि ज्यांच्यावर पूर्वी अन्याय झाला त्यांना तीत प्राधान्य देता येईल. अंमलबजावणीत तिथेही भ्रष्टाचार शिरला, हे खरे. पण तिथल्या नागरिकाला न्यायालयात बोट ठेवायला संविधानाचे कलम आहे.

आपल्याकडे काय आहे? देशासाठी सार्वजनिक खरेदी विधेयक २०१२ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि लोकसभेची मुदत संपली तसे तेही संपले. केंद्राचा कारभार सामान्य वित्तीय नियमांवर चालतो. तामिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने १९९९ मध्ये, राजस्थानने २०१२ मध्ये आपापले कायदे केले. फुले, शाहू, आंबेडकरांचे नाव घेतल्याशिवाय ज्याचे एकही भाषण पुरे होत नाही, त्या महाराष्ट्रात सरकारी खरेदी आणि कामांच्या निविदा यांच्यासाठी असा सर्वसमावेशक कायदा नाही. आहेत ते शासन निर्णय. डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका आहे. ती वाचली तर बरी आहे, आम्ही वाचली आहे. पण ती शासन निर्णयाने आली आणि शासन निर्णयानेच वाकते. ई-निविदा किती रकमेपासून सक्तीची, याची मर्यादा तीन लाखांवर आणली गेली. पुढे शासन निर्णयांनीच ती वाढत गेली. ‘विशेष बाब म्हणून’ हे तीन शब्द मंत्रालयात सर्वात जास्त खपतात.

२०१५ आठवा. अंगणवाडीतल्या मुलांची चिक्की आणि इतर वस्तूंच्या २०६ कोटींच्या खरेदीसाठी एकाच दिवशी २४ शासन निर्णय निघाले आणि ई-निविदा न काढता जुन्या दरकरारावर खरेदी केल्याचा आरोप झाला. पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने या प्रकरणात निर्दोषत्वाचा दाखला दिला, तो आम्ही मान्य करून चालू. आमचा मुद्दा कोण दोषी हा नाहीच. एका दिवसात २४ शासन निर्णय काढता येतात, हीच आमच्या दृष्टीने मूळ अडचण आहे. त्या गदारोळानंतरच दरकरारांची पद्धत गुंडाळली गेली आणि २०१६ ची नियमपुस्तिका आली. सुधारणा झाली ती लोकांना कळले म्हणून.

कायदा करायचा ठरवले तर सरकारला तो करता येतो. औषधे आणि वैद्यकीय उपकरणांच्या खरेदीसाठी २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा विधिमंडळाने केलाच. आमच्या भागाला औषधखरेदीचे मोल वेगळे सांगायला नको. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून सुरुवात करून डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार सिद्ध केला, तो जगभर गेला. ती गोळी स्वस्त आहे. पण भर पावसात रात्री अकरा वाजता वाडीतले पोर केंद्रावर आणले तर ती गोळी कपाटात आहे की नाही, हे डॉक्टरच्या हुशारीवर ठरत नाही, ते खरेदीच्या फायलीवर ठरते.

आणि पूल? २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी आणि एक खासगी गाडी पुरात गेली. चाळीसच्या आसपास माणसे गेली. कित्येकांचे देहही हाती लागले नाहीत. त्याच मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो धोकादायक आढळला नव्हता, हे सरकारनेच सांगितले. पाहणी कशी झाली, कोणी केली, त्या पाहणीचा अहवाल आधीच लोकांसमोर असता तर? नंतर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि ५ जून २०१७ ला खुला झाला. ज्या मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ पासून रखडत आले, त्याच महामार्गावर १६५ दिवसांत पूल! आम्ही त्या अभियंत्यांचे आणि मजुरांचे कौतुकच करतो. पण त्या १६५ दिवसांत असे काय होते जे एरवी नसते? सगळ्या महाराष्ट्राचे डोळे त्या कामावर होते. २२ जुलै २०२१ ला तळिये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. तिथले लोक पक्क्या घरांची वाट पाहत कंटेनरमध्ये दिवस काढत राहिले. कॅमेरे परत गेले होते.

वरंध घाटाचेही तेच. दर पावसाळ्यात घाट बंदचा आदेश निघतो, दर पावसाळ्यात कुठे तरी रस्ता खचतो, दरड येते, मग भिंती, कठडे, गटारे यांची कामे निघतात. पुढल्या पावसात पुन्हा तेच. त्या कामाचा दोष दायित्व कालावधी किती आहे, म्हणजे ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने किती वर्षे दुरुस्ती करायची आहे, हे घाटाखालच्या गावांत कोणी विचारत नाही. कारण असा काही कालावधी असतो हेच सांगितलेले नसते.

इथे आमच्या अनुभवातले एक. महाड तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकास योजनेतून गटार आणि काँक्रीटचा रस्ता झाला. फलक लागला तो काम संपल्यावर, आणि त्यावर रक्कम होती, लांबी नव्हती. आम्ही अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मागितली. उत्तर आले, त्रयस्थ पक्षाची माहिती आहे, देता येत नाही. वाडीच्या रस्त्यावर रोज चालणारे आम्ही त्रयस्थ आणि ठेकेदार घरचा! अपील केले, प्रत मिळाली. दोन तरुण आणि एक आजी टेप घेऊन निघाले. पुस्तिकेतले गटार जमिनीवरल्या गटारापेक्षा लांब निघाले. आजी म्हणाली, उरलेले गटार कुणाच्या घरात शिरले ते बघा. आम्ही हसलो, पण खरे तर ती आमच्या आधी पुढच्या प्रश्नावर पोचली होती. दुःख वेगळेच होते. ज्या मजूर सहकारी संस्थेच्या नावावर काम होते, तिच्या सभासदांत आमच्याच वाडीतली दोन नावे होती. त्यांना विचारले तर ते म्हणाले, सही घेतली होती, थोडे पैसे दिले, काम कुणी केले माहीत नाही.

हे लपवून चालणार नाही. राज्यात लहान कामांच्या वाटपात ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना, ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना आणि ३४ टक्के खुल्या स्पर्धेला, असे सूत्र आहे. मजुराला ठेकेदाराच्या तावडीतून सोडवायला ते आले. आज किती संस्थांत मजूर खरोखर मालक आहे आणि किती ठिकाणी तो फक्त सही आहे, हे प्रत्येकाने आपल्या गावापुरते तपासावे. नाव आमचे आणि नफा त्यांचा, अशा व्यवहारात आमच्यातले काही लोक खुशीने सामील आहेत. बाबासाहेबांनी १९४२ मध्ये यादीत नाव नाही म्हणून तक्रार केली होती. आज काही याद्यांत नाव आहे आणि तेवढेच आहे.

केंद्राचे २०१२ चे सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचे खरेदी धोरण सांगते की केंद्राच्या खात्यांनी आणि उपक्रमांनी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून करावी. ते उद्दिष्ट वर्षानुवर्षे अपुरे राहिले. शिवाय हे धोरण वस्तू आणि सेवांपुरते. बांधकामाचे ठेके त्यात येतच नाहीत. म्हणजे रस्ते, पूल, धरणे, जिथे आमचा घाम सर्वात जास्त सांडला ती जागा वगळून. कर्नाटकाने २०१७ पासून कायद्यातच तरतूद करून ५० लाखांपर्यंतच्या कामांत अनुसूचित जाती-जमातींना २४.१ टक्के वाटा ठेवला आणि २०२३ मध्ये ही मर्यादा एक कोटीपर्यंत नेली. तिथेही बेनामी ठेकेदारी आहे म्हणतात, असेल. पण तिथला दलित ठेकेदार कलम दाखवून भांडू शकतो. आमच्या पोरांनी स्थापत्यची पदविका घेऊन निविदा भरायची म्हटली तर उलाढालीची अट, तशाच कामाच्या अनुभवाची अट, बयाणा रक्कम, आणि हे सगळे पार केले तर तालुक्यातली ‘समजूत’. ज्याला काम कधी दिलेच नाही त्याच्याकडे कामाचा अनुभव मागायचा. हे वाचून ज्यांना गुणवत्तेची काळजी वाटते, त्यांनी गेल्या चाळीस वर्षांत खचलेले रस्ते आणि गळणारी धरणे कोणत्या राखीव ठेकेदारांनी बांधली, याची यादी आम्हाला द्यावी.

बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते. ब्रिटिश भारतातल्या प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ चा, म्हणजे तळ्याच्या सत्याग्रहाआधी दोन वर्षे. ३० मे १९४९ ला संविधान सभेत त्यांनी महालेखापरीक्षकाला संविधानातला कदाचित सर्वात महत्त्वाचा अधिकारी म्हटले, आणि त्याला न्यायसंस्थेइतके तरी स्वातंत्र्य हवे असा आग्रह धरला. राष्ट्रपती नाही, पंतप्रधान नाही, हिशेब तपासणारा. सार्वजनिक पैशाचा हिशेब आणि माणसाचा सार्वजनिक हक्क या त्यांच्या लेखी दोन गोष्टी नव्हत्या.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. महाराष्ट्राने सरकारी खरेदीचा कायदा करावा. त्यात प्रत्येक कामाचे अंदाजपत्रक, आलेल्या निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमापे आणि देयके ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावण्याची सक्ती असावी. एकच निविदा आली किंवा कामाचे तुकडे पाडले तर कारण लेखी द्यावे लागावे. ठेक्यावरच्या मजुराला किमान वेतन मिळाल्याचा पुरावा जोडल्याशिवाय देयक निघू नये. आणि कर्नाटकाप्रमाणे, बांधकामांसह, अनुसूचित जाती-जमातींचा वाटा कलमाने ठरावा. बोले यांच्या दुसऱ्या ठरावातले हत्यारही त्यात हवे: जी संस्था हे पाळणार नाही, तिचा निधी थांबवा.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर जे हातात आहे ते वापरायचे. माहिती अधिकाराच्या कलम ४ प्रमाणे बरीच माहिती न मागता जाहीर व्हायला हवी, ती होत नाही म्हणून दहा रुपयांचा अर्ज. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात जिल्हा आणि स्थानिक कार्यालयांत अभिलेख पाहता येतात. तोही शासन निर्णयच आहे, रद्द होण्याआधी वापरून घ्या. मोबाईलवर राज्याच्या निविदा संकेतस्थळावर आपल्या तालुक्याचे नाव घालून शोधा. शब्द अवघड वाटतात, पण आमच्या आजीला मोजमाप पुस्तिका अर्ध्या तासात कळली.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वरंध खोऱ्यातल्या आणि पोलादपूरच्या बाजूच्या जितक्या वाड्यांत आमचे कार्यकर्ते आहेत, तिथे एकच अर्ज लेखी दिला जाणार आहे: गेल्या तीन वर्षांत आमच्या वस्तीत झालेल्या प्रत्येक कामाची मोजमाप पुस्तिका, आणि गेल्या उन्हाळ्यात आलेल्या टँकरच्या फेऱ्यांची नोंदवही. नोंदवहीतल्या तारखा आम्ही बायकांकडून तपासून घेणार आहोत. टँकर कोणत्या दिवशी आला आणि कोणत्या दिवशी आला नाही, हे हंडे घेऊन उभे राहणाऱ्यांना पाठ असते. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.